आता आणखी वर नेऊ नकोस

नाशिक, मे १९९८

तीर्थरूप नाना,

आज सोमवार. वाचनालयात जाऊन आले. तिकडचा फुटबॉलचा हंगाम संपला, क्लबांच्या नंबरांचा शेवटचा तक्ता आला. नेहमीसारखा उतरवून घेतला आणि घरी येऊन तुमच्या खाटेसमोर वही उघडून उभी राहिले. आता कुणाला वाचून दाखवू? म्हणून हे पत्र. आपला नंबर शेवटी सांगते. आधी सांगितला तर बाकीचं लिहून होणार नाही, आणि बाकीचंच तर सांगायचं आहे.

चित्त मात्र ठिकाणावर नाही. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठले. एकदा देवापुढचं निरांजन बघायला, एकदा दूध झाकलंय का बघायला. झाकलेलंच होतं.

काचबिंदूने तुमचे डोळे गेले त्या वर्षी तुम्ही मला पहिल्यांदा काम सांगितलंत, आठवतं? लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तोवर आपलं बोलणं म्हणजे मी विचारायचं, चहा ठेवू का, आणि तुम्ही म्हणायचं, ठेव. त्या दिवशी म्हणालात, "सूनबाई, तुझ्या हिशेबाच्या वहीत खाडाखोड नसते म्हणे. माझा एक तक्ता उतरवून आणत जाशील?" एका तक्त्यासाठी अख्खा इंग्रजी पेपर घरी घ्यायला मी तयार नव्हते, म्हणून दर सोमवारी वाचनालय. चोवीस क्लबांची नावं मी देवनागरीत लिहायची. माझे उच्चार ऐकून तुम्ही खोकल्याचं निमित्त करून हसायचात. मला कळत नव्हतं असं वाटलं का तुम्हाला?

तुमचा क्लब फर्स्ट डिव्हिजनमध्ये, आणि तुम्ही सांगितलंत की ही पहिली म्हणजे खरं तर दुसरी. वरच्या डिव्हिजनला वेगळंच नाव दिलंय. मी मॅट्रिक सेकंड क्लास. मी म्हटलं, म्हणजे माझ्यासारख्यांना बरं वाटावं म्हणून केलेली सोय दिसते. तेव्हा मात्र तुम्ही खोकला न काढता हसलात.

वॉल्टरसाहेबांची गोष्ट कळायला मला आणखी एक वर्ष लागलं. मनमाडच्या लोको शेडमधले तुमचे ड्रायव्हर मित्र. तुमच्या डब्यातली ठेचा-भाकरी खाऊन डोळ्यांतून पाणी काढणारे आणि उद्या परत आण म्हणणारे. साहेब बायको-मुलांना घेऊन कायमचे विलायतेला गेले. दर नाताळात त्यांचं पत्र यायचं. पत्रात त्यांच्या गावच्या फुटबॉल क्लबची एक ओळ ठरलेली असायची: आम्ही यंदाही मधेच आहोत, म्हणजे सगळं ठीक आहे. मग पत्रं बंद झाली. तुम्ही दोनदा लिहिलंत, उत्तर नाही. तेव्हापासून तुम्ही ती ओळ पेपरात शोधायला लागलात. क्लब मधे आहे, म्हणजे वॉल्टर ठीक आहे.

हे तुम्ही दुसऱ्या कुणालाच सांगितलं नव्हतं. आमचे हे तर म्हणायचे, "आपल्या नळाला पाणी कधी येतं ते माहीत नाही, आणि नानांना विलायतेत कोण पडलं त्याची काळजी." तुम्ही ऐकून घ्यायचात. मला एकदाच म्हणालात, पेपरात वरच्या दोनच डिव्हिजन छापतात. क्लब तिसरीत पडला तर नावच दिसणार नाही, मग त्याची खबर कुठून येणार?

नाना, आता खरं सांगते. यंदा ते पडत होते.

जानेवारीत तुमचं दुखणं वाढलं. डॉक्टर म्हणाले, मनाला त्रास होईल असं काही सांगू नका. त्याच सोमवारी मी तक्ता आणला. तळाचे तिघं खाली जातात हे तुम्हीच शिकवलेलं, आणि आपण चोविसात बाविसावे. तुम्ही विचारलंत, "कितवे?" मी वहीत बघत म्हणाले, तेरावे.

कुठून आला हा आकडा तोंडात? अंथरुणाला खिळलेल्या माणसासमोर कुणी तेरावं म्हणतं का? मी जीभ चावली. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तेरावे? छान. माझंही येईलच, पण आधी त्यांचं होऊ दे."

तुम्ही तेवढ्यावर थांबला असतात तर किती बरं झालं असतं. पण तुम्ही मनमाडच्या मालधक्क्यावर मालगाड्यांच्या वाघिणी मोजण्यात जन्म घालवलेले. लगेच विचारलंत, मग चौदावे कोण? पंधरावे कोण? एक खोटं सांभाळायला मला तेवीस क्लब हलवावे लागले. आपल्या क्लबला एक विजय दिला की कुणाला तरी हरवावं लागायचं. दोन गोल दिले की ते कुणीतरी खायला हवेत. तुम्ही पडल्या पडल्या मनात बेरीज करायचात: सगळ्यांनी केलेले गोल आणि सगळ्यांनी खाल्लेले गोल सारखेच यायला हवेत. एका सोमवारी तीन गोलांचा फरक आला. मी म्हटलं, पेपरात छपाईची चूक असेल. तुम्ही म्हणालात, असेल.

मग मी दुसरी वही केली. एक खरी, एक तुमची. सोळा सोमवार केलेली, चतुर्थीला पाण्याचा घोटही न घेणारी मी, दोन वह्या ठेवायला लागले. खरी वही पिठाच्या डब्यामागे लपवायची, खोटी तुमच्या उशाशी उघडायची. गणपतीला नवस बोलले की त्यांना वर काढ, म्हणजे माझं खोटं खरं होईल. कुठला देव, कुठला क्लब. पण मागितलं.

तुमचा शेवटचा सोमवार. तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात. मला वाटलं, थोडा आनंद द्यावा. मी वाचलं, अकरावे. तुम्ही म्हणालात, "तेराव्यावर बरे होते, सूनबाई. आता आणखी वर नेऊ नकोस."

ते वर जाऊ नयेत म्हणाला नाहीत. नेऊ नकोस म्हणालात.

मी घाबरून म्हटलं, माझी ओळ चुकली नाना, तेरावेच आहेत. तुम्ही हं म्हणून चहा मागितलात. दोन घोट घेतलेत. बुधवारी सकाळी तुम्ही गेलात.

त्या एका शब्दाने मला तीन महिने बसू दिलेलं नाही. पोळी लाटताना तो आठवतो, जपमाळ ओढताना आठवतो आणि मणी चुकतो. तुम्हाला ठाऊक होतं का? कधीपासून? तीन गोलांचा फरक आला तेव्हापासून, की पहिल्या दिवसापासून? ठाऊक होतं तर मग चौदावे कोण, पंधरावे कोण असं का विचारत राहिलात? माझी परीक्षा घेत होतात, की माझ्याशी खेळत होतात? एवढं स्पष्ट बोलायला काय हरकत होती? रागावते हं मी, पण हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

दहाव्याला गोदेवर पिंड ठेवला. मी मनात ठरवून आले होते की कावळा शिवला नाही तर तिथेच सगळं कबूल करायचं. पण मागे सरायच्या आत कावळा आला. वन्सं डोळे पुसत म्हणाल्या, नानांचं मागे काही राहिलं नाही गं. सगळ्यांना समाधान वाटलं. मला धडकी भरली. माझ्या खोट्या तक्त्यावर निश्चिंत होऊन तर नाही ना गेलात? कावळ्याने मला बोलायला क्षणाचीही सवड दिली नाही.

तुमच्या तेराव्याला सोमवारच आला. घरात पाहुणे होते, वाचनालयात जाता आलं नाही. तेवढा एक सोमवार चुकला. बाकी एकही नाही. वाचनालयातले शिपाईकाका विचारायचे, "वहिनी, तुमची माणसं तरली का?" त्यांना वाटतं माझं कुणी तिकडे आहे. मीही नाही म्हटलं नाही. मार्चमध्ये आपला क्लब विसाव्यावर आला, मग अठराव्यावर. एप्रिलभर मी देवाला साखर ठेवत होते. ज्या क्लबचा सामना मी जन्मात पाहिला नाही, तो बरोबरीत सुटला म्हणून वाचनालयाच्या बाकावर माझे डोळे भरून यायचे. जिंकून कुठे जायचं नव्हतं त्यांना. फक्त राहायचं होतं.

राहिले, नाना. पडले नाहीत. पुढच्या वर्षीही पेपरात नाव येईल.

चौदावे आले.

एका नंबराने मी खोटी ठरले. शेवटच्या सामन्यात एक गोल जास्त झाला असता तर तेरावे आले असते आणि मी ही वही मिटून गप्प बसले असते. देवाने नवस पुरा केला, पण एक पायरी माझ्यासाठी ठेवली. म्हणूनच आज लिहायला बसले. त्या एका पायरीची माफी मागते. बाकीच्या आठांची मागत नाही, त्या त्यांनी स्वतःच्या पायांनी चढल्या.

वॉल्टरसाहेबांचा जुना पत्ता तुमच्या पेटीत सापडला. माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीत कार्ड लिहिलंय. तुम्ही गेल्याचं कळवलं आणि खाली तीच ओळ घातली, आम्ही मधेच आहोत म्हणून. उत्तर येईल न येईल.

खोटी वही नदीत सोडणार होते. पण अर्धी कोरी आहे, टाकवत नाही. ऑगस्टपासून तीच उलट्या बाजूने उघडीन आणि दर सोमवारी जसं छापलंय तसं लिहीन. बाविसावे असले तर बाविसावे. तुमच्या खाटेशी बसून मोठ्याने वाचीन. आणि तुम्ही सांगितलंत तसंच, त्यांना मी वर नेणार नाही.

बेरीज मात्र तुम्ही करून बघा.

तुमची सूनबाई,
सुमन