विश्राम म्हणेपर्यंत

६ जानेवारी १९३६, सोमवार

गफूरभाई पडले! सत्तराव्या सूर्यनमस्काराला. आधी गुडघे टेकले, मग तोंडावरच आले. सतरंजीवर धप्प आवाज झाला आणि मी तरीही पुढचा अंक म्हटला. जिभेला सवय!

त्याआधी महिपती ओरडला होता. दूध घालायला येतो तो महिपती, वर्गातला सगळ्यात काटक. "मास्तर, थांबवा! त्यांचं व्हट निळं पडल्यात!" मी म्हणालो, "रांगेत बोलायचं नाही." असंच म्हणालो. शब्द न शब्द आठवतो आहे.

माझ्या वर्गाचा नियमच तो – एक अंक, सगळ्यांना एकच, आणि मी 'विश्राम' म्हणेपर्यंत कुणी थांबायचं नाही. शाळेतली ड्रिल-मास्तरकी सकाळच्या या मोठ्या माणसांच्या वर्गातही घुसली आहे. इतर तिघे दमले की हळूच अंग चोरतात, मला कळतं. गफूरभाईंनी कधी चोरलं नाही. भाताचे एवढे मोठे व्यापारी, पण ईद झाल्यापासून रोज पहाटेच्या गाडीने कामशेतहून लोणावळ्याला येतात आणि माझ्यापुढे पोरासारखे उभे राहतात.

शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "माफ करा मास्तर, मधीच थांबलो." महिपतीबरोबर गाडीत बसवून दिलं.

७ जानेवारी

वर्गात सगळे विचारत होते. मी म्हणालो, "पथ्य पाळलं नसेल. तूपभात सुटत नाही त्यांना." सगळ्यांनी माना डोलावल्या.

खोटं बोललो.

९ जानेवारी, गुरुवार

महिपती कामशेतला जाऊन आला. तिथे डॉक्टर येऊन गेले. काळीज कमजोर आहे म्हणाले. आणि अंगावर दिसतं ती चरबी नव्हे, पाणी साठलं आहे! नडगीवर बोट दाबलं तर खड्डा पडतो आणि भरून यायला वेळ लागतो.

तो खड्डा मी पाहिला होता. पहिल्याच दिवशी. पाय सरळ करायला नडगी धरली, हात काढला तर माझी चार बोटं तशीच उमटलेली! मला वाटलं, काय मऊ अंग आहे! वर्गाला दाखवून म्हणालो, "ही बघा कफप्रकृती. जड, सुस्त. हिला दुप्पट नमस्कार, तेही उड्या मारून." भाताचं पोतं म्हणालो त्यांना. सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने तेच हसले.

महिपती जाता जाता म्हणाला, "डॉक्टरनं मीठ बंद केलंय. चिमूटभरबी न्हाई. मीठ म्हंजे त्यांना इख."

मीठ!

त्यांना मीठपाणी मीच सांगितलं होतं. रोज पहाटे दोन तांबे कोमट पाणी, त्यात मूठभर मीठ, प्यायचं आणि ओकून टाकायचं. कफ पडतो. माझा पडतो. महिपतीचाही पडतो. गफूरभाई आठवड्याने म्हणाले होते, "मास्तर, पाणी आत जातंय पर भाईर येत न्हाई." मी काय म्हणालो? "येईल. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

म्हणजे ते सगळं आतच राहिलं. तीच सूज घेऊन ते माझे नमस्कार घालत होते.

असो. डॉक्टरांनी मीठ बंद केलं म्हणजे ते पाणीही सुटलंच असणार. प्रश्नच नाही.

१२ जानेवारी, रविवार

आज जायचं पक्कं केलं. सगळं सांगून टाकायचं – बोटांचे खड्डे, पोतं, पाणी, वर्गात बोललेलं खोटं. तिकीट कामशेतचं काढलं. गाडीत बसलो. उतरलो मधल्याच मळवलीला!

बाकावर बसून राहिलो. समोरच्या खाचरात भाताचे नुसते खुंट उरलेले, त्यांत बगळे फिरत होते. परतीच्या गाडीने घरी. सौ. ला सांगितलं, ते झोपले होते, म्हणून लगेच निघालो. पाच दिवसांत आणखी एक खोटं. भित्रा आहे मी. दंड चांगले आहेत, बाकी काही नाही.

१४ जानेवारी

वर्ग बदलला. एक अंक बंद! एकेकाला जवळ बसवून नाडी पाहिली, झोप विचारली, जिन्यावर धाप लागते का विचारलं. नडग्या दाबून पाहिल्या – प्रत्येकाच्या! महिपतीला शंभर नमस्कार झेपतात, ते त्याने घालावेत. दत्तोबा पोस्टमनचा गुडघा दुखतो. गेली दोन वर्षं तो माझ्या धाकाने उड्या मारत होता! त्याला बाराच, पाय एकेक मागे नेत, सावकाश. त्या किडकिडीत शिंप्याला नमस्कारच नकोत, आडवं पडून नुसता लांब श्वास. आणि दमला त्याने आपणहून बसावं, मला विचारू नये.

दत्तोबा म्हणाला, "मास्तर, आज पहिल्यांदा बरं वाटलं बगा." सगळे खूष. मला तोंड लपवावंसं वाटलं. हे शहाणपण कुणाच्या पायांवरून आलं, ते मी सांगितलं नाही.

१५ जानेवारी

गेलो नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

महिपतीने सकाळी दूध घालताना सांगितलं – गफूरभाईंची सूज उतरत नाही, उलट मांडीपर्यंत चढली आहे. उशांना टेकून बसूनच झोपतात. डॉक्टर चक्रावलेत. घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारतात, मीठ चोरून खातात का? घरात सगळे शपथा घेतात, न्हाई म्हणून.

सौ. दूध घेताना ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "हल्ली ज्याची त्याची नाडी बघता. ज्याला पाडलंत, त्याचीच तेवढी बघितली नाहीत. रविवारी तुम्ही कामशेतला गेलाच नव्हता ना?"

दिवसभर एकच विचार डोक्यात आहे, आणि तो इथे लिहायचीसुद्धा छाती होत नाही. उद्या शाळेत रजा टाकून पहिल्या गाडीने जाणार. मळवलीला उतरणार नाही.

१७ जानेवारी

गेलो. गफूरभाईंच्या पत्नी रशिदाभाभींनी दार उघडलं. म्हणाल्या, "आळणी जेवत्यात बिचारे, तक्रार न्हाई. तुमचं पाणी तेवढं एक दिस चुकवलं न्हाई."

पलंगाखाली तांब्या होता. तळाशी न विरघळलेलं मीठ.

मी विचारलं, डॉक्टरांना सांगितलं नाहीत? गफूरभाईच म्हणाले – एकेका शब्दाला धाप – "त्यांनी जेवणातलं मीठ बंद केलं. ह्ये तर तुमचं औषद. तुमी कुटं थांब म्हणालात?" मग माझ्याकडे बघून हसले. "लय वाट बगितली, मास्तर. आता सोडू का?"

मी 'विश्राम' म्हणालो. पुन्हा म्हणालो.