तळघरांचे आडवे नकाशे

पहिली आली ती माझी थोरली जाऊ, जिना चढून दम लागल्याचं नाटक करत. मागून तिचा लेक, हातात तयार कागद घेऊन. मी म्हटलं, "मला बघायला आलात की माझी साइट न्यायला?" जाऊ म्हणाली, "अगं, तुझं वय झालं. कधी काय होईल सांगता येतं का?" जन्मात पहिल्यांदा खरं बोलली. म्हणून ते गेल्या गेल्या हे लिहायला बसले.

मी, खाली सही करणारी बाई, कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करून घरी बसलेली, शाळा चौथीपर्यंत, डोकं जागेवर (डॉक्टरीणबाईंनी तपासलंय), कोणाच्या धाकाने नव्हे, थोडी रागाने आणि बरीचशी आनंदाने, असं ठरवते की माझ्यामागे पुढीलप्रमाणे वाटणी व्हावी.

१. राहती खोली आणि बँकेतली ठेव मुलाला.

२. शिलाई मशीन नातीला. टाके वाकडे घालते, पण ऐकून घेते. मोठी कात्री जावेच्या हाती पडू देऊ नये. मागे तिने त्या कात्रीने पुठ्ठा कापला होता.

३. 'सात तळघरं' या कॉम्प्युटरवरच्या खेळाची माझी साइट. हे कलम सावकाश वाचावं.

कारखान्याच्या जिन्यावरून पडून मांडीचं हाड मोडलं, तेव्हा मी कुशीवर पडून असायचे. सुनेने जुना लॅपटॉप उशीला टेकवून हा खेळ लावून दिला, म्हणाली, "आई, निदान माझ्यावर ओरडणं तरी कमी होईल." झालं नाही, पण खेळ आवडला. आडवी पडून खेळले, म्हणून नकाशेही आडवे काढले, बेतायच्या कागदावर, शिवणाच्या खडूने. खेळातलं वरचं दार माझ्या नकाशात उजवीकडे येतं. सुनेने फोटो काढले, इंटरनेटवर माझी साइट उघडून तिच्यावर चढवले आणि वर पाटी लावली: मान उजवीकडे कलती करून बघा.

लोक हसले आणि मग येतच राहिले. एकाने लिहिलं, "आजी, मान धरली, पण तिसरं तळघर सुटलं." ते मी व्यायाम करून घेणाऱ्या बाईला दोनदा वाचून दाखवलं. साइटवर नियम एकच: चुकलेली वाट पुसायची नाही, तिच्यापुढे लिहायचं, "इथे मी मेले." रांग मोठी आहे. पहिली मीच.

पुढे माझं दुसरं ऑपरेशन झालं. तेवढ्यात या पुतण्याने "जरा नीटनेटकं करतो" म्हणून सुनेकडून पासवर्ड घेतला. सगळे नकाशे उभे केले, मेलेले सगळे पुसले, खाली 'संस्थापक' म्हणून स्वतःचं नाव टाकलं. पाटी मात्र तशीच ठेवली! माणसं सरळ नकाशा मान वाकडी करून बघायची आणि धडाधड पाचव्या तळघरातल्या विहिरीत पडायची. मी विचारलं, "अरे शहाण्या, पाटी का नाही काढलीस?" म्हणतो, "काकू, मला वाटलं विनोद आहे."

तेव्हापासून मी त्याला इस्त्री म्हणते. आता त्याला ही साइट खेळ विकणाऱ्या एका दुकानाच्या गळ्यात बांधायची आहे.

तरी साइट, पासवर्ड आणि खडूचे सगळे कागद सुनेला द्यावेत. तिचं-माझं पटत नाही. फोनवर बोलते ते गल्लीला ऐकू जातं, मला तोंडावर हट्टी म्हणते. पण पासवर्ड दिला म्हणून रडली, आणि रडत रडतच एकेक नकाशा परत आडवा केला, पुसलेल्या माणसांना पत्रं लिहून परत बोलावलं. ती जिवंत असेतो नकाशे आडवेच राहावेत. मी गेल्यावर तिने पहिल्या पानावर एवढंच लिहावं: इथे मी मेले. वाट बरोबर होती.

४. पुतण्याला माझी जड लोखंडी इस्त्री. सरळ करायची एवढी हौस आहे तर स्वतःचे शर्ट करावेत. दुसरं काही मागितलं तर इस्त्रीही देऊ नये.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही). शेजारची पोहायला शिकवणारी बाई (सही, तीही चौथ्या तळघरात मेलेली आहे).

लिहून देणार: मी (सही, सरळ).

ठिकाण: खिडकीजवळची खाट. वार गुरुवार. पाहुणे कागदावर माझी सही घ्यायला रविवारी सकाळी परत येतो म्हणून गेलेत.