एक तरी स्क्रू

प्रिय आई,

मी सुखरूप आहे, पोट ठीक आहे आणि स्वेटर घालतो आहे. या तीन गोष्टी आधी सांगून टाकल्या म्हणजे तू पुढचं शांतपणे वाचशील. वसतिगृहाच्या न्याहारीच्या खोलीत बसून लिहितोय. समोरचा टोस्ट गार झालाय आणि शेजारच्या टेबलावर तुझे दोन विद्वान मित्र सकाळी साडेसातला 'सत्य' या विषयावरून एकमेकांवर चमचे रोखून बसलेत. तुझा पाय कसा आहे? प्लास्टरच्या आत पेन्सिल घालून खाजवू नकोस. नाही म्हणू नकोस, बाबांनी फोनवर चुगली केली आहे.

तू घोटा मोडून घेतलास आणि तिसऱ्या दिवशी मला पलंगाजवळ बोलावून, यंदा माझ्या जागी परिषदेला तू जायचंस, असं फर्मान काढलंस, तेव्हा मला वाटलं औषधाची गुंगी असावी. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. फलप्रामाण्यवाद हा शब्द आपल्या घरात मी कुकरच्या शिट्टीइतका ऐकलाय आणि तितकंच लक्ष दिलंय. त्यातून मला एवढंच कळलं होतं की एखादी गोष्ट खरी मानली तर प्रत्यक्षात काय फरक पडतो ते बघा, आणि काहीच फरक पडत नसेल तर भांडू नका. पण तुझं म्हणणं, या वेळचा तुझा निबंधच असा आहे की त्याची बाजू माझ्याइतकी मनापासून दुसरं कोणी मांडणार नाही. त्यात तू म्हटलं होतंस: शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत निघालेल्या एका विचारावर बोलायला देशोदेशीचे चाळीस जण दर दोन वर्षांनी जमतात, त्याने कुणाचं काही हलत नाही, तेव्हा ही तेरावी परिषद शेवटची ठरवावी आणि गाशा गुंडाळावा. पहिल्या परिषदेपासून जिने ही मोट बांधली तिनेच असं म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? सभेने मान्य केलं की विषय संपला. आणि मी तर हे कित्येक वर्षं म्हणत होतो. उड्या मारत निघालो.

आता एक कबुली. निबंध विमानात वाचणार असं तुला वचन दिलं होतं. पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं, आणि मधल्या पानांवर डोकं ठेवून झोपलो. रागावू नकोस, त्याची शिक्षा मला मिळाली आहे. ती पुढे सांगतो.

पहिल्या दिवशीचं ऐक. सभागृह चौथ्या मजल्यावर. खाली लिफ्टच्या दारावर कागद चिकटवलेला, 'बंद आहे'. तुझी सगळी मंडळी जिन्याने वर. सत्तरी-पंचाहत्तरीची माणसं प्रत्येक मजल्यावर थांबून धापा टाकतायत, आणि धापा टाकता टाकताही, अनुभव आणि विश्वास यांचा संबंध काय, हे चालूच. दोन दिवस असं चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली एकटा होतो. धंद्याची सवय, बटण दाबलं. लिफ्ट आली. दार उघडलं, आत दिवा, पंखा, सगळं व्यवस्थित. पहारेकऱ्याला विचारलं तर म्हणाला, ती महिन्यापूर्वीच दुरुस्त झाली, कागद काढायचा राहिला. म्हणजे, खरं काय ते करून बघा, असं आयुष्यभर सांगत आलेल्या चाळीस माणसांपैकी एकानेही दोन दिवसांत एक बटण दाबून बघितलं नव्हतं. मी लिफ्टने वर जाऊन दारातून बाहेर आलो तेव्हा जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्यांचे चेहरे तू बघायला हवे होतेस. मग सगळे इतके हसले की परिषदेच्या चिटणीसबाईंना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. माझा भाव एकदम वधारला. मी मात्र मनात म्हटलं, आईच्या निबंधाला याहून मोठा पुरावा कशाला हवा, उद्या हाच तोंडावर फेकायचा.

तुमची ती पद्धत तू मला अनेकदा सांगितली होतीस, पण बघितल्याशिवाय तिचा अर्थ कळत नाही. आपला निबंध आपण वाचायचा नाही. ज्याला तो सर्वांत कमी पटलाय त्याने तो सभेपुढे मांडायचा, आणि असा मांडायचा की लेखकाने 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं म्हटल्याशिवाय त्याला विरोधाचं तोंड उघडता येत नाही. माझ्या डोळ्यांदेखत एका तरुण प्राध्यापिकेला तीनदा परत जाऊन मांडावं लागलं, कारण लेखक प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हणत होता. आमच्याकडे दोन मिस्त्री वायरच्या रंगावरून भांडतात तेव्हा कोणी कोणाचं पहिलं वाक्यसुद्धा पुरं होऊ देत नाही.

तुझा निबंध छत्रीकाकांकडे होता. तू सांगायचीस तेव्हा मला ते कुणीतरी खाष्ट म्हातारे वाटायचे. पहिल्या परिषदेत तुझी छत्री चुकून घेऊन गेले आणि दोन वर्षांनी टपालाने परत पाठवताना सोबत तुझ्या निबंधातल्या अकरा चुकांची यादी जोडली, तेच हे. प्रत्यक्षात अगदी किडकिडीत, कानात यंत्र, आणि खिशात सदैव आल्याच्या गोळ्या. मी तुझा मुलगा आहे कळल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि तुझ्या घोट्याबद्दल डॉक्टरने विचारावेत असे प्रश्न विचारले. मला उत्तरं येत नव्हती. कोणतं हाड, हेही मला सांगता आलं नाही. जरा लाजच वाटली.

तिसऱ्या दिवशी ते उभे राहिले. आई, तुझ्या विरोधात उभा असलेला माणूस तुझी बाजू मांडतोय आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढतंय, असं कधी होईल असं वाटलं नव्हतं. तुझ्या प्रत्येक मुद्द्याला त्यांनी तुझ्यापेक्षा चांगलं उदाहरण दिलं. सभेत माना डोलायला लागल्या. मी बाह्या सरसावून बसलो होतो, लिफ्टचा किस्सा जिभेवर तयार. मग त्यांनी पान सहा उलटलं आणि सावकाश वाचलं: 'दोन वर्षांपूर्वी मी या परिषदेची बॅग भरत असताना माझ्या मुलाने मला विचारलं, तुमच्या या परिषदांमुळे जगात एक तरी स्क्रू घट्ट झाला का? मी तेव्हा हसले. पण प्रश्न आमच्याच पठडीतला होता. दोन वर्षं मी प्रामाणिकपणे उत्तर शोधलं. मला ते सापडलं नाही. म्हणून हा ठराव.'

तो दिवस मला आठवला. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तुझ्या जायच्याच आठवड्यात आलं होतं, ते बिचारे स्वतः तुला जा म्हणत होते, आणि मी उगाच त्यांचा कैवार घेऊन ते वाक्य फेकलं होतं. तू हसलीस, मोजे बॅगेत कोंबलेस, मी चहा प्यायलो आणि विसरून गेलो. तू विसरली नव्हतीस. माझ्या रागातल्या एका वाक्याला तू विचार समजून दोन वर्षं पुढ्यात घेऊन बसलीस. छत्रीकाकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि नियमाप्रमाणे विचारलं, लेखिकेला हेच म्हणायचं होतं ना? मी हो म्हटलं.

त्यानंतर विरोध. मी तुझ्या बाजूने लिफ्टचा किस्सा सांगितला, हशा मिळाला, पण मलाच त्यात दम वाटेना. मग परिचारिकांना शिकवणाऱ्या एक बाई उठल्या. तुला त्या आठवतील, आठ वर्षांपूर्वी तू त्यांचा निबंध मांडला होतास. मुरलेल्या परिचारिकेला रोगी बिघडणार हे आधीच कळतं आणि ते कुणाला शिकवता येत नाही, असा त्यांचा दावा होता. तू तो इमानेइतबारे मांडलास आणि मग फक्त एवढं विचारलंस, की शिकवता येत नाही हे करून बघितलंय का. त्या म्हणाल्या, मी चिडून घरी गेले आणि तुमच्या आईंना खोटं पाडायला म्हणून शिकाऊ मुलींना वह्या दिल्या. काय वाटतं ते आधी लिहा, काय झालं ते नंतर लिहा. आठ वर्षांच्या वह्या कपाटात आहेत, आणि त्या मुली आता डॉक्टरांना वेळेवर हाक मारतात. त्यांनी हे तुला कधी कळवलं नाही, कारण आपण हरलो हे कळवायला जिवावर आलं होतं. सगळे पुन्हा हसले, त्यासुद्धा.

छत्रीकाका शेवटी बोलले. विरोध म्हणून त्यांच्याकडे एकच गोष्ट होती. म्हणाले, माझ्या विद्यापीठात माझं सगळे कौतुक करतात, कारण माझं कोणी वाचत नाही. चोवीस वर्षांत मला शेवटच्या ओळीपर्यंत वाचून, तू इथे चुकतोस, असं सांगणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती आज घोटा मोडून घरी बसली आहे. एवढं बोलून ते बसले आणि त्यांनी एक आल्याची गोळी तोंडात टाकली.

मग चिटणीसबाईंनी मला विचारलं, लेखिकेची बाजू तुम्ही अजून धरता का? आई, मला दुसरं काही सुचलं नाही, माझा धंदा सुचला. आमच्यात ज्याने लिफ्ट दुरुस्त केली त्याला ती चालू करायची परवानगी नाही. दुसऱ्या कंपनीचा तपासनीस येतो. परका माणूस, कधी आखडू, हातात पान्हासुद्धा नसतो. तो माझं काम माझ्यासारखं समजून घेतो आणि मग त्यात खोट शोधतो. त्याने जन्मात एक स्क्रू घट्ट केलेला नाही. आणि त्याच्या सहीशिवाय मी तुला कुठल्याही लिफ्टमध्ये पाऊल ठेवू देणार नाही. तो लांबून येतो, वेळ खातो, अशी कुरकुर आम्ही सगळे करतो, पण त्याला बंद करा असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. हे मी त्यांना माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं आणि म्हटलं, माझा प्रश्नच चुकला होता, मी बाजू सोडतो. तुझा निबंध पडला, आई. मीच पाडला.

आता हे पत्र कशासाठी ते. प्रतिनिधीने लेखकाची बाजू सोडली तर त्याची कारणं त्याने लेखकाला लेखी द्यावीत, आणि लेखकाचं उत्तर येईपर्यंत काहीच पक्कं धरू नये, असा तुमचा नियम आहे म्हणे. चिटणीसबाईंनी अर्धं पान मागितलं होतं, त्याचं हे असं झालं. याची प्रत त्यांना दिली आहे. मूळ कागद परवा तुझ्या हातात देईन आणि तू वाचेपर्यंत बाबांना भाजी चिरून देत स्वयंपाकघरात बसेन, कारण समोर बसलो तर मी नक्की काहीतरी विनोद करीन आणि हे पुन्हा राहून जाईल. परिषद चालू ठेवायची की नाही हे आता फक्त तुझ्या हातात आहे. सगळेजण निर्णय तुझ्यावर सोपवून चमचे रोखून बसले आहेत. पण ते वाक्य तुझं नव्हतं, माझं होतं. मी ते रागात बोललो, तू खरं मानलंस, आणि आयुष्यभर जे उभं केलंस ते त्या एका वाक्यापायी मोडायला निघालीस. ते मी मागे घेतो. माझी चूक झाली, आई. तू काय करत होतीस हे समजायला मला इतक्या लांब, तुझ्या खुर्चीवर येऊन बसावं लागलं. उत्तर लेखीच दे. एक ओळ पुरे.

तुझाच,
मिस्त्री