माझी हत्यारं, माझी खोली आणि लिफ्टचा दोर

मुली, तुझ्या पत्राला उत्तर द्यायला आठ दिवस लावले, माफ कर. आजारी आहे हे खरं, पण कारण ते नाही. कारण तिसऱ्या कलमात आहे. तेच आधी वाच.

मी, लिफ्टचा निवृत्त मिस्त्री, वय सहासष्ट, शिक्षण सातवी नापास, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. छातीत पाणी झालं आहे. डॉक्टर महिना म्हणतात, घरमालकीणबाई आठवडा.

एक. खोलीतलं कपाट आणि तुझ्या आईचं शिवणयंत्र तुझं. तू घर सोडलंस तेव्हा चारचौघांत मी तुला स्वार्थी म्हणालो. माझं करायला तू थांबली नाहीस, एवढाच त्याचा अर्थ होता. म्हणजे स्वार्थ माझा आणि नाव तुला. तो शब्द परत घेतो.

दोन. हत्यारं माझ्या जुन्या जोडीदाराला. मोठा पाना मुळात त्याचाच, मी दाबून ठेवला होता. एका लिफ्टच्या तपासणी कार्डावर त्याने सही नाकारली आणि काम सोडलं. आम्ही म्हणालो, "लेकाचा स्वतःपुरतं बघतो." तो म्हणाला, "बघतोच. उद्या माझी आईच त्यात बसली तर?"

तीन. त्या कार्डावर मी सही केली. दोराच्या तारा तुटायला लागल्या होत्या. मालक म्हणाले, पुढच्या वर्षी बदलू. मी तुटक्या तारांवर जाड ग्रीस फासलं आणि "दोर उत्तम" लिहिलं. घरासाठी केलं, असं तुझ्या आईला सांगितलं. पण तेव्हापासून त्या इमारतीत मी स्वतः जिन्यानेच चढलो. आता तूच सांग, स्वार्थी कोण?

याला चार वर्षं झाली. दोर बदलल्याचं कानावर नाही. तुझ्या पत्रावर पत्ता त्याच इमारतीचा आहे, पाचवा मजला. तू लिहिलंस, "लिफ्ट हल्ली थांबताना जरा खाली घसरते, बाबा, पण बरी सोय आहे." आणि मी माझं नाव खराब होईल म्हणून आठ दिवस गप्प बसलो.

चार. तिसरं कलम लिफ्टच्या सरकारी तपासनिसाला दाखव. माझ्या नावाचं काय व्हायचं ते होवो.

ठिकाण: माझी खाट. दिनांक: तुझं पत्र आल्याचा नववा दिवस, सकाळी.

साक्षीदार: घरमालकीणबाई (सही).
आमच्या तळमजल्यावरचा शिंपी (सही). तो वाचून म्हणाला, "काका, हे मृत्युपत्र की कबुलीजबाब? द्या इकडे, आत्ता निघतो."

शिंपी जिन्याने वर येईल. तूही जिन्यानेच उतर, आणि खाली पोचलीस एवढंच त्याच्याबरोबर कळव. लवकर कळव.