सरकार घर सोडून गेल्या, त्याची हकिकत

ती. आत्यास,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जमेल तेवढं वाकून). तुझे गुडघे आता कसे आहेत ते कळव. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायला घेतलं होतं, पण खोटं लिहिताना माझं अक्षर बिघडतं आणि तुला ते लगेच कळतं. तर आत्या, तुझी सरकार घर सोडून गेली. घाबरू नकोस, चांगली धडधाकट आहे. खाली शिंप्याच्या दुकानात राहते.

तू दादाकडे राहायला गेलीस आणि तिथे मांजराच्या केसांनी सगळ्यांना शिंका येतात, म्हणून जाताना तिला माझ्या स्वाधीन केलंस, तेव्हा "म्हातारीला जप" एवढंच म्हणाली होतीस. मी जपतही होतो. पण मध्येच एका संपादकबाईंनी लहान मुलांच्या पुस्तकाची चित्रं काढायला दिली. गोष्ट अशी की घरातल्या वयस्क मांजरीसमोर एक नवं पिल्लू येतं, ती रुसते, फिसकारते आणि शेवटच्या पानावर दोघी एका टोपलीत झोपतात. रुसव्याची चित्रं काढायला कष्टच नव्हते, नुसतं सरकारकडे बघायचं (तिचा चेहरा एरवीही आमंत्रण उशिरा मिळालेल्या थोरल्या जावेसारखा). पिल्लू मात्र काही केल्या जमेना. बाईंनी चित्रं पाहून विचारलं, "हा उंदीर गोड आहे, पण गोष्टीत तो येतो कुठे?" मग काय करणार, मी खरंखुरं पिल्लू घरी आणलं. नाव ठेवलं टिचकी.

सरकार तडक कपाटावर जाऊन बसली. टिचकी खालून हाका मारून दमली, तरी हिने ढुंकून पाहिलं नाही. मी खूश! पानामागून पानं काढत सुटलो. समेटाच्या चित्रावर सरकार मुतली (संपादकबाईंनीसुद्धा आजवर इतकं स्पष्ट मत दिलेलं नाही), तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं. पण मला हक्काची जागा गेल्याचा चेहरा हवा होता. म्हणून टिचकीला उचलून मुद्दाम सरकारच्या टोपलीत ठेवलं आणि पेन्सिल घेऊन समोर बसलो.

सरकार खाली उतरली. फिसकारली नाही, पंजा उगारला नाही. टोपलीत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि उघड्या दारातून जिना उतरून गेली. आत्या, चित्र अप्रतिम झालं. तेवढ्या वेळात उठून दार लावता आलं असतं. मी कान रंगवत होतो.

तेव्हापासून रोज माशाचा तुकडा घेऊन खाली जातो. ती मासा खाते आणि मला ओळख देत नाही. दोनदा उचलून वर आणली, दोन्ही वेळा माझ्याआधी खाली पोचली. शिंपी भला माणूस. म्हणाला, "अहो, त्रास काही नाही तिचा. माझ्या मशीनखाली निजते. फक्त दार वाजलं की धावत बाहेर येते, कोण आलंय बघते आणि मान खाली घालून परत जाते." मी ताटली मशीनखाली सरकवली आणि जिना चढलो. वर टिचकी दाराशी बसून रडत असते. तिला टोपली नको आहे, सरकार हवी आहे.

पुस्तक छापून आलं. शेवटच्या पानावरच्या दोघी मी मनानेच काढल्या. मुलं म्हणे ते पान पुन्हा पुन्हा उघडतात. मला ते बघवत नाही.

तुझा,
चित्रं काढणारा भाचा

ता. क. काल दुकानात एक आजी उसवलेला स्वेटर शिवायला देऊन गेल्या. सरकारने तो बराच वेळ हुंगला, सगळीकडून हुंगला आणि मग त्याच्याकडे पाठ करून बसली. आत्या, मला वाटतं यात टिचकी कुठेच नाही आणि मीही नाही. ती तुला शोधते आहे. तुझा अंगातला स्वेटर पाठवशील का?

ता. ता. क. धुऊन पाठवू नकोस.