पाचशे नव्व्याण्णव भुपेंद्र

७ जुलै २०२३, सकाळी ११.१०

भुपेंद्रचा रिप्लाय आला. नऊ दिवसांनी. आमच्या गेममधल्या मोठ्या लढाईचा व्हिडिओ मी त्याला पाठवला होता, तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा. साहेब लिहितात, भारी, पण लढाई कमी अन् आठवडी बाजार जास्त वाटून राहिला बे. पुढे हसणारे तीन चेहरे.

तीन.

आजपासून रोजनिशी. सूड घ्यायचा तर नोंदी व्यवस्थित हव्यात. ही वही कोणी वाचणार नाही. बायको, सरिता, तर नाहीच. तिला दवाखान्यातली रजिस्टरं भरून भरून वहीचाच वीट आलाय.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. गेम दोघांचा होता. मोहाडीत, माझ्या ऑनलाइन सेंटरच्या मागच्या खोलीत, तीन वर्षं. जुन्या काळचे दोन राजे आणि तलावाकाठी एक महायुद्ध. मग भुपेंद्रला हैदराबादला गेम कंपनीत नोकरी लागली आणि तो गेला. तिथे काय करतो? परदेशी गेममधलं गवत. दोन वर्षं झाली, गवतच करतोय. आणि मला लढाई शिकवतो!

मी रागावलेलो नाही. दिवाळीला तो गावी आला की त्याला तोंड लपवायला जागा मिळू नये, इतकंच.

८ जुलै

व्हिडिओ त्रयस्थपणे पुन्हा पाहिला. लढाई उत्तम आहे. तीनशे सैनिक त्यांचे, तीनशे आपले. सगळे धानाच्या धुऱ्यांवरून, म्हणजे शेतातल्या बांधांवरून, एका ओळीत चालत येतात. उभ्या धानातून सैन्य न्यायला माझा हात धजावत नाही. एका धुऱ्यावर दोन्हीकडचे सैनिक समोरासमोर येतात आणि एकमेकांना वाट देऊन पुढे जातात. तो बग आहे.

सरिताला दाखवला. ती म्हणाली, थैल्या तेवढ्या द्या या सैनिकायच्या हातात.

१० जुलै

संकल्प. लढाई अशी करायची की बघणाऱ्याला घाम फुटला पाहिजे. भुपेंद्रला जास्त.

पहिली चूक सापडली. कॅमेरा वर होता, चिंचेवर चढून बघितल्यासारखा. वरून कोणतीही गर्दी बाजारच दिसणार. आता कॅमेरा लढणाऱ्याच्या डोळ्यांत. खेळणाऱ्याला फक्त आपला हात, तलवार आणि समोरचा माणूस दिसेल. हा शोध माझा आहे. भुपेंद्र दोन वर्षांपूर्वी असंच काहीतरी म्हणाला होता, पण त्याने ते नीट मांडलं नव्हतं.

१९ जुलै, दुपारी ३

चिखलातून सैन्य जातानाचा आवाज हवा म्हणून रोवण्याच्या बांधीत, पाणी भरलेल्या धानाच्या वाफ्यात, गेलो. वीस-बावीस बायका धान लावत होत्या. मोबाइल धरून धुऱ्यावर उभा राहिलो. कुंताबाई म्हणाली, भाऊ, रोवाचा असन त आत ये, नाई त धुरा सोड. आत गेलो. उजवी चप्पल बांधीतच राहिली. रेकॉर्डिंगमध्ये चिखलाचा आवाज चाळीस सेकंद आणि बायकांचं हसणं अकरा मिनिटं.

हसणं वापरणार. मागे खेचून, जाड करून. शत्रूच्या छावणीतला उन्माद म्हणून चालेल.

२ ऑगस्ट

आज माझ्यातल्या कलावंताला सलाम.

मोठ्या लढाईतली खरी अडचण अशी की शत्रू कोणी नसतोच. तीनशे ठोकळे. त्यांना मारून राग शांत होत नाही. शत्रूला चेहरा पाहिजे. आणि चेहरा माझ्या कॉम्प्युटरमध्येच निघाला! नोकरीच्या फॉर्मसाठी भुपेंद्रने पासपोर्ट फोटो माझ्याच सेंटरमध्ये काढला होता. मी तेव्हा त्याला म्हटलं होतं, हलू नको. म्हणून थोडा घाबरलेला आहे. फारच उत्तम.

तीनशेच्या तीनशे शत्रूंना भुपेंद्र लावला. सायंकाळपर्यंत एकशे बारा मारले. सातबारा काढायला आलेले तीन शेतकरी ताटकळत बसले, पण कलेला वेळ लागतो.

३ ऑगस्ट

फार दिवसांनी झोप चांगली लागली.

१६ ऑगस्ट

सुशीलाकाकू केवायसीसाठी आल्या. भुपेंद्रची आई. मी त्यांना मुद्दाम दोन नंबर मागे ठेवलं. त्या बिचाऱ्या बसून राहिल्या. वर म्हणाल्या, कसा वाळून गेला रे बापू, आमचा भुपेंद्र रोज विचारते तुले.

खोटं. मला तर नऊ दिवसांनी रिप्लाय देतो.

जाताना त्यांनी पिशवीतून कणसं काढून टेबलावर ठेवली. ठेवून घेतली. सुडाचा कणसांशी संबंध नाही.

२९ ऑगस्ट

भीती घातली. आता शत्रू नुसता येऊन मरत नाही. तो थबकतो, आजूबाजूला बघतो, त्याचा श्वास ऐकू येतो. जवळचा पडला की मागे सरकतो. याने लढाई एकदम अंगावर येते. परदेशी कंपन्यांना हे जमत नाही, कारण त्यांची माणसं गवतात गुंतलेली आहेत.

सरिताने पाच मिनिटं खेळून बघितलं. म्हणाली, हे समदे भुपेंद्रभाऊच हायेत का? तुमी बिमार त नाई ना?

तिला कलेतलं कळत नाही.

१२ सप्टेंबर, दुपारी १

तीनशे भुपेंद्र कमी पडतात. उजव्या कोपऱ्यात मोकळं रान दिसतं, तिथे बाजार उठल्यासारखं वाटतं. पण सहाशेच्या वर एक माणूस नेला की कॉम्प्युटर गचकतो. शास्त्रशुद्ध उपाय: आपल्याकडचे दीडशे कमी केले, त्या जागी दीडशे भुपेंद्र. साडेचारशे विरुद्ध दीडशे. पराक्रम जास्त उठून दिसतो.

५ ऑक्टोबर

शंभर भुपेंद्र घालायला आपले आणखी शंभर काढले. नाहीतरी ते माझ्या पाठीशी असतात, आणि पाठीमागचं खेळणाऱ्याला दिसत नाही. न दिसणाऱ्यांवर रॅम कशाला खर्च करायची?

१३ ऑक्टोबर, दुपारी ४

उरलेले पन्नास पण काढले. खोलीत सरिता चहा घेऊन उभी होती. म्हणाली, आता तुमच्याकडून लढून कोण राहिला? म्हटलं, मी आहे की. पाचशे नव्व्याण्णव आणि एक. जगात असली लढाई कोणी बनवली नसेल.

ती म्हणाली, कायले बनवन.

२० ऑक्टोबर

एक भुपेंद्र लढायलाच येत नाही. पळत पळत तलावाच्या पाळीवर जातो आणि तिथे मोहाच्या झाडाखाली बसतो. बग आहे. तपासण्यासाठी त्याच्याजवळ जाऊन बसलो. बसून राहिला. मीही बसलो. समोर पाणी चांगलं जमलंय, ते आम्ही दोघांनी मिळून केलं होतं पहिल्या वर्षी. चाळीस मिनिटं तपासणी केली.

बग दुरुस्त केला नाही. वेळ नव्हता.

१ नोव्हेंबर

योजना पक्की. यंदाच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, नाटकाच्या आधी अर्धा तास मला मिळाला. मंडई समितीचे भैयाजी म्हणाले, पडदा तुया, जनरेटर आमचा, अन् मारामारी जोरदार पायजे. म्हटलं, काळजी सोडा.

भुपेंद्रने मंडईसाठी सुट्टी वाढवून घेतली आहे. सगळं गाव समोर बसलेलं, मध्ये तो. आणि पडद्यावर तो पाचशे नव्व्याण्णव वेळा मरणार, माझ्या हातून. मग करावं त्याने हसणारे चेहरे. कितीही.

१४ नोव्हेंबर, सकाळी १०

आज गोधन, गाई पुजायचा दिवस. घोडदळाच्या टापांचा आवाज राहिला होता. गाईंचा कळप आखरावरून, गुरं जमतात त्या मैदानावरून, पळवतात, त्या वाटेत मोबाइल डब्यात घालून पुरला. कळप बरोबर वरून गेला. जमीन हादरली, काय आवाज! पण गाईंच्या गळ्यात घंट्या होत्या, आणि एक गाय डब्यावर थांबून हंबरली. ती हलेचना. गुराखी यादोरावांनी शेपूट पिळलं तेव्हा गेली.

घंट्या ठेवतो. शाही घोडे म्हणता येतील. हंबरणंही ठेवतो.

भुपेंद्र गावात आलाय. रस्त्यात समोरून आला, म्हणाला, काय बे धर्म्या, ओळख दे ना. मी मोबाइलमध्ये बघत पुढे गेलो. मोबाइल बंद होता, शेणाने.

२१ नोव्हेंबर, दुपारी २

आज मंडई. पडदा लागला. शर्ट इस्त्रीचा. 

भुपेंद्र पहिल्या रांगेत बसेल याची व्यवस्था भैयाजींकडून करून घेतली. सुशीलाकाकूही त्याच्या शेजारी. त्यांचं थोडं वाईट वाटतं. पण युद्धात इलाज नसतो.

२२ नोव्हेंबर, सकाळी ९

सगळं लिहितो.

धुकं आलं. शिंग वाजलं. शाही घंट्या वाजल्या. मैदान गप्प झालं. मग धुक्यातून एक एक करून पाचशे नव्व्याण्णव भुपेंद्र धुऱ्यावर चढले. मी पहिल्या रांगेत भुपेंद्रची खाली गेलेली मान शोधत होतो. तेवढ्यात मागून एक बाई ओरडली, अवं, हा त सुशीलाबाईचा भुपेंद्र!

आणि शिट्ट्या. टाळ्या. अख्खी मंडई उभी.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या कोपऱ्यात एक फोटो लागला तरी माणूस महिनाभर त्या चौकातून जातो येतो. इथे पाचशे नव्व्याण्णव, आणि तेही हलणारे. लोकांना वाटलं सत्कार आहे.

मी तलवार चालवली. पहिला भुपेंद्र पडला. सुशीलाकाकू ताडकन उठल्या आणि म्हणाल्या, अरे अरे, काहून मारून राहिला बापू त्याले? सगळ्या मैदानातून एकच गिल्ला. कोणी म्हणे मारू नको, कोणी म्हणे खाली बस. भैयाजींनी माईक घेतला. म्हणाले, कलाकाराले विनंती हाये, तलवार खाली करावी, लोकायले भुपेंद्र नीट पाहू द्यावा.

तलवार खाली केली. समोरचा लढतच नसेल तर सैनिकांनी काय करायचं, हे मी कधी लिहिलंच नव्हतं. ते थांबले. पाचशे अठ्ठ्याण्णव भुपेंद्र, घाबरलेल्या चेहऱ्याने, माझ्याकडे बघत. सुशीलाकाकू पुढे आल्या आणि पडद्यावरच्या सगळ्यात जवळच्याला कुंकू लावलं. पडदा भाड्याचा आहे.

तरीही वाटलं, खरा भुपेंद्र समजेल. गेमवाला आहे. त्याला कळेल की हा सूड आहे. तो स्टेजवर आला. मी छाती काढून उभा. त्याने माईक घेतला आणि म्हणाला, हैदराबादले दोन वर्ष झाले गवत करून राहिलो. गेम आला, दुनियाभर विकला, नावाच्या यादीत माया नाव नाई. अन् या पोट्ट्याने, मी इथून निघून गेल्यावर, मले एवढ्यांदा...

त्याने माईक खाली ठेवला. त्याने मला मिठी मारली, सगळ्या गावासमोर. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं. जनरेटर फार धूर सोडत होता.

कानात म्हणाला, आता बाजार नाई वाटत बे.

हे वाक्य ऐकायला मी साडेचार महिने झुरलो. ऐकलं, आणि आनंद शोधला. सापडला नाही.

२३ नोव्हेंबर

भैयाजी सेंटरवर आले. त्यांचा वाढदिवस जवळ आलाय. त्यांना हजार भैयाजी हवेत, सगळे घोड्यावर. शत्रू नको म्हणाले, उगाच नाराजी होते. पाहतो म्हटलं.

भुपेंद्र आज गेला. बस सुटताना खिडकीतून म्हणाला, रिप्लाय लवकर देत जाईन. मी त्याला थांब म्हणणार नव्हतोच. तोही थांबतो म्हणाला नाही. बस भंडाऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत उभा होतो, पाय मोकळे करायला.

२४ नोव्हेंबर, सकाळी १०.३०

सुशीलाकाकू डबा घेऊन आल्या. बसल्या. म्हणाल्या, समदे पाहून राहिले होते, समद्यायले माया पोरगा दिसला. पण बापू, तू कोठी नाई दिसला. तुया फोटो काहून नाई टाकला?

मी समजावून सांगितलं. म्हटलं, काकू, ही लढाई माझ्याच डोळ्यांतून दिसते. त्यामुळे मी सोडून बाकी सगळं दिसतं. हेच तर तंत्र आहे.

त्यांनी विचार केला. मग म्हणाल्या, अन् तुयाकडचे लोक? ते कोठी होते?

म्हटलं, कमी केले. भुपेंद्रसाठी जागा लागत होती.

म्हणजे एवढ्या मोठ्या रानात तू एकटाच होता? त्यांनी विचारलं.

हव काकू, म्हटलं, एकटाच. तंत्राचं पुढचं मला सांगायचं होतं, पण मी डबा जवळ ओढला. त्या उठल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, डबा थंडा नको होऊ देऊ, खाऊन घे.