माझ्या मापाचं पेडल

२१ सप्टेंबर, रविवार

तुटला! तालमीत, ऐन गाण्याच्या मध्यात पेडलचा पट्टा तुटला आणि खुशबूचा पाय खटकन खाली आपटला. बास ड्रम मुका. गाणं थांबलं. मी मागे खंजिरी घेऊन बसलो होतो. इतका आनंद झाला की हसू लपवायला खंजिरी तोंडापुढे धरावी लागली.

खंजिरी! लिहितानाही लाज वाटते. चाकणच्या कंपनीत जाण्याआधी त्या ड्रमवर मी बसायचो. बाबांच्या, म्हणजे केशवरावांच्या भीमगीत पार्टीचा ड्रमर कोण, म्हणून सिहोऱ्यात कोणालाही विचारा — अश्विन! दोन वर्षं तिकडे काढली, कंत्राट संपलं, घरी आलो, तर माझ्या जागेवर माझीच लहान बहीण, खुशबू. काड्या कशा धरायच्या तेसुद्धा मीच शिकवलेलं. बाबा म्हणाले, "पोट्टीचा हात बसला हाये आता. तू काही दिवस खंजिरी धर."

काही दिवस. म्हणजे कधीपर्यंत, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं आणि उत्तर मिळालं तर?

२२ सप्टेंबर

अंकुशने, म्हणजे आमच्या ढोलकवाल्याने, तुटलेल्या पट्ट्याच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून दिली. खुशबू त्यावरही वाजवते. आणि वाजतं!! रबर बांधलेलं पेडलही तिचं ऐकतं. काय म्हणावं.

२५ सप्टेंबर

मंडईचं, म्हणजे गावच्या जत्रेचं आमंत्रण आलं. दिवाळीनंतर आपल्याच गावात, भर दुपारी, दुय्यम सामना, म्हणजे सवाल-जवाबाचा. समोर करडीच्या धनीरामची पार्टी. त्यांनी एक गाणं म्हणायचं, आपण त्याला जवाब द्यायचा, मग पुन्हा त्यांनी. मागच्या वर्षी बाबा त्यांच्याकडून हरले होते. आई सांगते, महिनाभर त्यांनी पेटीला हात लावला नाही. त्यामुळे यंदा घरात दुसरा विषयच नाही.

जेवताना बाबा म्हणाले, "ट्यूब बांधून सामना होत नसते. नवीन पेडल आना. अश्विन, तुले समजते त्यातलं, तू जा संगं."

मला समजतं. पण बसणार ती.

२८ सप्टेंबर, रविवार

नागपूरला जाऊन आलो, दोघं. सीताबर्डीच्या दुकानात त्या माणसाने चटईवर पेडलं मांडली आणि एका जुन्या बास ड्रमला एकेक लावून दाखवलं. खुशबूला एक लहानसं, हलकं आवडलं. एकच चेन, पाय ठेवायची पाटी आखूड. चप्पल काढून तिने चवड्याने दाबून पाहिलं. डोळे मिटले आणि मान डोलवली. लगेच समजलं मला, हेच तिचं पेडल.

मी म्हणालो, "हे टिकत नाही."

मग मी माझं निवडलं. डबल चेन, खाली लोखंडी पत्रा, लांबलचक पाटी. पाय ठेवला तर टाचेपासून अंगठ्यापर्यंत बरोब्बर बसला. खुशबूचा पाय त्यावर लहान पोराने बापाच्या चपला घालाव्या तसा दिसत होता. दुकानदार म्हणाला, "दीदी को थोड़ा हेवी जाएगा." मी म्हटलं, चलेगा. तिने माझ्याकडे पाहिलं. "तू म्हणतोस तं घेऊ, दादा."

येताना बसमध्ये खोका मांडीवर घेऊन झोपली. मी खिडकीबाहेर बघत बसलो. इथे कोण वाचतंय, लिहूनच टाकतो — पेडल मी माझ्या मापाने घेतलं. ती थकेल, वैतागेल, बाबा मागे वळून म्हणतील, अश्विन, तू बस. असं सगळं गाडीत ठरवून टाकलं मी. वाईट वाटलं का? नाही वाटलं.

३० सप्टेंबर

थकली! तिसऱ्या गाण्यातच पोटरी चोळत बसली. ठोका मागे पडायला लागला. बाबांनी एकदा वळून पाहिलं, भुवया वर. मी खंजिरी अशी वाजवली की अंकुश ओरडला, "अबे हळू, फाडतोस का?"

१ ऑक्टोबर

आई तिच्या पोटरीला तेल लावत होती. मला म्हणाली, "तू मोठा हायेस ना रे? जरासं पाहून दे ना त्या पेडलले." खुशबू स्वतः बोलली असती तर नाही म्हणता आलं असतं.

३ ऑक्टोबर

सकाळी विहारात आम्ही दोघंच. तालीम विहारात म्हणून चपला बाहेर, सगळी पार्टी नेहमी अनवाणीच वाजवते. ती स्टुलावर बसली, मी पेडलचे नट फिरवायची चावी घेऊन पोटावर आडवा. आधी स्प्रिंग ढिली केली. मग बीटर, म्हणजे ड्रमवर आपटणारा गोळा, खाली घेतला, चामड्याच्या बरोबर मधोमध येईल इतका. मग तो पुढे झुकवला, म्हणजे आखूड पायाला कमी अंतर. मग पाटीची उंची.

"आता?"

"अजून ढिला."

"आता?"

"नाही. पहिलंच बरं होतं."

"मग मघाशीच सांगता येत नव्हतं का वो?"

हसली. मीही हसलो, मेलं ते. एकदा हे काम हातात घेतलं की मला बाकी काही दिसत नाही. स्प्रिंगचा नट इतका नाजूक फिरवत होतो की श्वास रोखून धरला होता. आणि मग तिने दाबलं — धम्! एकच, गोल, छातीत बसणारा. विहाराच्या खिडक्यांची तावदानं हलली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

मग तिने सहज एक चाल वाजवली. हात एकीकडे, पाय मध्येच चोरून घुसणारा. असं मला कधीच जमलं नाही. जमणारही नाही. चावी खिशात टाकली आणि बाहेर येऊन चपला शोधत बसलो. चपला समोरच होत्या.

९ ऑक्टोबर

बाबांनी आज पाहुण्यांना सांगितलं, "हे माही पोरगी. ड्रम वाजवते." मी शेजारीच उभा. पाहुण्यांनी विचारलं, आणि हा? "हा अश्विन. चाकणले होता."

होता!

१४ ऑक्टोबर

विहारात कोणी नव्हतं. बसलो तिच्या जागेवर. पाय ठेवला तर बीटर चामड्याला चिकटूनच राहतो, परत येतच नाही. माझा पाय जड, स्प्रिंग तिच्या पायाची. मापाने माझं, सेटिंगने तिचं. चावी खिशात होती. फिरवावीशी वाटली. फिरवली नाही, तेवढं पुण्य लिहून ठेवतो.

१९ ऑक्टोबर

बूट आले. मंडईसाठी सगळ्या पार्टीला एकसारखे — निळं जॅकेट आणि पांढरे बूट, जाड सोलचे. खुशबू ते घालून अंगणात मिरवून आली. आई हसत होती.

माझ्या लगेच लक्षात आलं. एवढ्या ढिल्या स्प्रिंगवर एवढा जड बूट! बीटर मागे येणारच नाही. आला तरी थरथरत दोनदा आपटेल. जाड सोलमधून तिला पाटी लागणारसुद्धा नाही. माझ्या वेळी मी स्वतःचे बूट घालायचो, म्हणून स्टेजवर चढण्याआधी स्प्रिंग गुपचूप आवळून घ्यायचो. तिने कधी बूट घालून वाजवलेलंच नाही, स्टेजवरही अनवाणीच, तिला कसं कळणार? सगळी तालीम अनवाणी, सामना बुटात, आणि पार्टीत एकाच्याही डोक्यात हे आलं नाही.

सांगायला तोंड उघडलं होतं. आईशप्पथ उघडलं होतं. तेवढ्यात बाबा आईला म्हणाले, "यंदा मले कायचंच टेन्शन नाही. खुशबू हाये ना मागं."

मिटलं.

२५ ऑक्टोबर

उद्या मंडई. अजून सांगितलं नाही.

२७ ऑक्टोबर

कालचं लिहितो.

मैदान भरलेलं. पाळणे, जिलेबीचे ठेले, पोरांच्या पिपाण्या. आमचं पहिलं गाणं सुरू झालं आणि पहिल्या कडव्यातच बास ड्रम बरळायला लागला. धप-धप, धप-धप, नको तिथे दोन-दोन. मग एकदम बंद. खुशबू खाली बघते, पाय उचलते, पुन्हा ठेवते. बाबांची मान लाल झालेली मला मागून दिसत होती. जवाबाची पाळी आली तेव्हा धनीरामने माईकवर आमच्या तालावरच टोमणा मारला. अख्खी मंडई हसली.

त्यांचं गाणं चालू होतं, तेवढा सगळा वेळ आमच्या हातात होता. चावी माझ्या खिशात. खुशबूने माझ्याकडे पाहिलं, सरळ. मी उठलो नाही. खंजिरीच्या चकत्या नीट करत बसलो.

आणि बाबा वळले. "अश्विन! तू बस."

किती दिवस हे ऐकायचं होतं. गेलो. सगळ्यांसमोर खिशातून चावी काढली, स्प्रिंग आवळली, बसलो, वाजवलं. चांगलं वाजवलं, खोटं कशाला लिहू. टाळ्या पडल्या. सामना बरोबरीत सुटला. बाबांनी पाठीवर हात ठेवला. खुशबू माझ्या जागेवर उभी होती, खंजिरी घेऊन. वाजवत नव्हती, नुसती धरून.

लोक पांगायला लागले. धनीरामची माणसं वायर गुंडाळत होती. तेव्हा ती स्टेजवर आली, बूट काढून फेकले, माझ्यापुढे हात केला. मी चावी दिली. स्प्रिंग स्वतः ढिली केली तिने. बसली आणि वाजवत सुटली. एकटीच. ना गाणं, ना पेटी. राग होता तो, दुसरं काही नाही. जिलेबीच्या ठेल्यावरचे लोक वळून बघायला लागले. धनीराम हातात वायर घेऊन उभाच राहिला. बाबासुद्धा. सारा वेळ ती माझ्याकडेच बघत होती.

घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "चावी तुह्या खिशातच होती."

४ नोव्हेंबर

धनीराम घरी आला. चहा झाला. म्हणाला, "केशवराव, तुमच्याकडं आता दोन ड्रमर हायेत. पोरगी आमाले द्या." बाबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तिलेच इचारा."

ती हो म्हणाली! करडीला मावशीकडे राहील, तिथून तालमीला जाईल. आई आत गेली ती बाहेरच आली नाही.

६ नोव्हेंबर

बसपर्यंत तिची बॅग मी नेली. म्हटलं, पेडल घेऊन जा. "ठेव तुह्याजवळ. कोणाच्या पायासाठी घेतलं होतं, ते मले दुकानातच समजलं होतं."

"मग तेव्हा बोलली काहून नाही?"

"घरी आल्यापासून तू पहिल्यांदा खुश दिसत होतास, दादा."

बस आली. बॅग तिच्या पायाशी ठेवून खाली उतरलो.

९ नोव्हेंबर

ड्रमवर मी. स्प्रिंग माझ्या पायाची. तालीम झाली. करडीत आत्ता कशी वाजवत असेल, हाच विचार गाणंभर. तिथेही टाळ्या पडत असतील. जळतो मी अजून. आता दुरून जळतो.

१६ नोव्हेंबर

आसगावचा सामना ठरला. समोर धनीरामची पार्टी. म्हणजे समोर खुशबू.

बाबा पेटी पुसत होते. त्यांना म्हटलं, "बाबा, खुशबू माह्यापेक्षा चांगली वाजवते." आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून निघालं.

त्यांनी मान वर केली नाही. "मले मालूम हाये. साऱ्या पार्टीले मालूम हाये." मग फडकं घडी करत म्हणाले, "तरी तुलेच बसा लागन. तिच्यासमोर हरायले आपल्यात दुसरं कोण हाये?"

बसतो म्हणालो.